नाळ पडल्यावर बेंबीतून पुन्हा रक्त, आणि डोळे अजून पिवळे

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझी मुलगी २१ दिवसांची आहे. पहिलंच बाळ. पूर्ण दिवसांची, पण जन्मल्यावर लगेच रडली नाही, म्हणून तासाभरात तिला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे दोन दिवस ऑक्सिजन लागला, मग ठीक झाली. जन्मापासून एका डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग होता. तिसऱ्या दिवशी लंगोटावर विटकरी डाग पडला. पाचव्या दिवशी शूच्या जागेतून रक्ताचे दोन-तीन थेंब आले. नवव्या दिवशी नाळ पडली आणि दहाव्या दिवशी बेंबीतून पुन्हा रक्त यायला लागलं, ते दोन दिवस थोडं थोडं येतच होतं. जवळच्या डॉक्टरांनी पावडर टाकून पट्टी बांधली, मग थांबलं. कावीळ बघायला टाचेला टोचलं, तिथूनही बराच वेळ रक्त येत होतं. काल दुधाच्या गुळणीत लाल तार दिसली. मला स्तनाग्रांना भेगा पडल्या आहेत. मी लग्नाच्या आधीपासून फिटच्या गोळ्या घेते, फेनिटॉइन. मुलगी फक्त अंगावर पिते. घरात सगळे म्हणतात की हा गोळ्यांचा नाहीतर दुधाचा परिणाम. दूध तोडू का? बाकी ती छान आहे, पिते, झोपते. डोळे अजून जरा पिवळे दिसतात, पण ते जाईल हळूहळू असं सगळे म्हणतात.

– एक आई

उत्तर

ताई,

तुमचं पत्र आलं ते सदरासाठी, पण सदराची पाळी येईपर्यंत ठेवून देण्यासारखं ते नव्हतं. म्हणून त्याच दुपारी तुम्हाला निरोप पाठवला: मुलीला आजच्या आज लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्या, रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्या, आणि के व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिल्याची नोंद दोन्ही हॉस्पिटलांच्या कागदांत शोधा. तुम्ही तासाभरात घराबाहेर पडलात, हे फार चांगलं केलंत. त्यानंतर तुम्ही पाठवलेले रिपोर्टांचे फोटो आत्ता माझ्यासमोर आहेत. तुमच्या परवानगीने सविस्तर उत्तर इथे लिहिते, कारण याच प्रश्नांची अर्धी-अर्धी पत्रं माझ्याकडे नेहमी येतात.

तुम्ही पत्रात सहा ठिकाणचं रक्त एका दमात सांगितलंत. आईच्या डोळ्यांना ते सगळं सारखंच दिसतं, आणि त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण त्यातल्या तीन गोष्टी निरुपद्रवी होत्या, एकीचा उलगडा तपासून करावा लागला, आणि दोन धोक्याच्या होत्या. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तर तुम्ही रक्त म्हणून सांगितलीच नाही, ती पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे.

आधी निरुपद्रवी गोष्टी. डोळ्यातला लाल डाग जन्माच्या वेळी डोक्यावर आलेल्या दाबाने पडतो. बुबुळाच्या कडेला लाल चंद्रकोर दिसते, बघणाऱ्याला धस्स होतं, पण नजरेला काही होत नाही आणि एक-दोन आठवड्यांत डाग आपोआप विरतो. लंगोटावरचा विटकरी डाग हे रक्त नव्हतंच. पहिल्या दोन-चार दिवसांत दूध कमी आणि शू घट्ट असते, तेव्हा शूतले युरेट नावाच्या क्षाराचे कण कापडावर बसतात. तो डाग सुकल्यावर भुकटीसारखा दिसतो. चार-पाच दिवसांनंतरही तो पडत राहिला तर बाळाला दूध पुरत नाहीये का, ते बघायचं. आणि पाचव्या दिवशीचे थेंब म्हणजे मुलींमध्ये दिसणारी एक स्वाभाविक गोष्ट. पोटात असताना तिला तुमचे हार्मोन मिळत होते. जन्मानंतर ते एकदम उतरले, आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराने पाळीसारखे थोडे थेंब सोडले. ते दोन-तीन दिवसांत थांबतात, तुमच्याकडेही थांबले.

आता गुळणीतली लाल तार. इथे तुम्हाला भेगा आहेत हे तुम्ही सांगितलंत, त्याचा खूप उपयोग झाला. भेगांतून आलेलं आईचं रक्त दुधाबरोबर पोटात जातं आणि गुळणीत किंवा शीत परत दिसतं. ते कुणाचं आहे हे ओळखायची एक साधी जुनी तपासणी आहे, १९५५ पासूनची, तिला ॲप्ट टेस्ट म्हणतात. हॉस्पिटलात पोचल्यावर मुलीने पुन्हा लालसर गुळणी काढली आणि डॉक्टरांनी ती पुसून टाकू दिली नाही, असं तुम्ही कळवलंत. त्यांनी ती पाण्यात कालवली, गाळ खाली बसू दिला, वरच्या गुलाबी पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले. नवजात बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं, त्याला अल्कली सहज मोडू शकत नाही, त्यामुळे त्याचं पाणी गुलाबीच राहतं. मोठ्या माणसाचं रक्त असेल तर दोनेक मिनिटांत पाणी पिवळट तपकिरी होतं. तुमच्या नळीतलं पाणी तपकिरी झालं. म्हणजे ती तार तुमच्या रक्ताची होती, मुलीच्या पोटातून आलेली नव्हती.

इथेच पुष्कळ ठिकाणी गाडी थांबते. आईचंच रक्त आहे म्हटल्यावर सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि घरी परततात. पण बेंबी दोन दिवस गळत होती, टाच गळत होती, त्याचं काय? तिथून आलेलं रक्त तर तिचंच होतं.

नाळ पडताना एखाद-दुसरा थेंब येतो, कपड्याला छोटा डाग लागतो, यात काही नाही. पण पडून गेल्यावर पुन्हा सुरू होऊन दोन दिवस पाझरणारी बेंबी हे साधं नव्हे. टाचेला टोचल्यावर कापूस दाबून धरला की काही मिनिटांत थांबायला हवं. दोन वेगळ्या जागांनी एकच गोष्ट सांगितली: या बाळाचं रक्त गोठत नाहीये. पावडर आणि पट्टीने बेंबी बंद झाली, पण गोठण्यातला दोष तिथेच राहिला. त्या वेळी कारण शोधायला हवं होतं. तुम्हाला ते कळणं शक्य नव्हतं, पण ज्याने पट्टी बांधली त्याने रक्ताची तपासणी सांगायला हवी होती, हे मी स्पष्टच लिहिते.

थोडंसं रक्त गेलं तर काय एवढं, असं मोठ्या माणसाच्या हिशोबाने वाटतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातले दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर गेले, तर ते तुमच्या-माझ्या अंगातून पेलाभर गेल्यासारखं असतं.

नवजात बाळाला असं रक्त का येतं, हे शोधताना आम्ही पहिली गोष्ट बघतो ती रिपोर्ट नव्हे, बाळ. बाळ आजारी दिसतंय की बाळ छान आहे आणि फक्त रक्त येतंय? बाळ मलूल, गार किंवा तापलेलं, दूध न ओढणारं, पोट फुगलेलं असेल, तर आधी रक्तातला जंतुसंसर्ग डोळ्यांसमोर येतो. गंभीर संसर्गात, किंवा जन्मताना बराच वेळ प्राणवायू कमी पडला असेल तर, अंगभर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत सुटतात आणि त्यात गोठवणारी प्रथिनं आणि प्लेटलेट (गुठळी बांधणारे रक्तातले बारीक कण) दोन्ही संपून जातात. मग टोचलेल्या प्रत्येक जागेतून रक्त येतं. हे अतिदक्षता विभागातलं काम आहे, आणि तिथे घड्याळ फार वेगाने चालतं. तुमच्या मुलीला जन्मताना श्वासाचा त्रास झाला होता, पण त्याचा परिणाम पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसला असता. दहाव्या दिवशी छान पिणाऱ्या बाळाला नव्याने रक्त येणं त्यात बसत नाही.

बाळ छान आहे आणि रक्त येतंय, तर तीन वाटा उरतात. प्लेटलेट कमी असतील, के व्हिटॅमिन कमी असेल, किंवा गोठवणारं एखादं प्रथिन जन्मतःच नसेल.

प्लेटलेट कमी असल्या की अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके उठतात, ते बोटाने दाबले तरी पुसट होत नाहीत. जन्मतःच फक्त चेहऱ्यावर असे ठिपके असतील, विशेषतः गळ्याभोवती नाळ होती अशा बाळाला, तर ते दाबाने आलेले असतात आणि जातात. पण पोटावर, मांड्यांवर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवे नवे येत असतील तर त्याच दिवशी तपासायचं. कधी आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून जाऊन बाळाच्या प्लेटलेट मोडतात. त्यातल्या एका प्रकारात आईच्या स्वतःच्या प्लेटलेट अगदी ठीक असतात, बाळाच्या वडलांकडून आलेली प्लेटलेटची खूण तेवढी तिच्या शरीराला परकी वाटलेली असते. असं एका बाळाला झालं तर पुढच्या गरोदरपणात पहिल्या भेटीतच सांगायचं असतं, कारण पुढच्या बाळाला ते जास्त तीव्र होऊ शकतं. तुमच्या मुलीच्या प्लेटलेट ३ लाख १० हजार आहेत. दीड लाखाच्या वर म्हणजे ठीक. ही वाट बंद झाली.

जन्मजात दोषांत हिमोफिलियाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तो बहुतेक मुलग्यांनाच होतो, आणि साधारण एक तृतीयांश बाळांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो, तेव्हा ‘आमच्याकडे कुणाला नाही’ एवढ्यावर तो नाकारता येत नाही. पण तुमचं बाळ मुलगी आहे, शिवाय हिमोफिलियात बेंबीतून रक्त येणं तितकंसं नेहमीचं नाही. बेंबीच्या रक्ताशी ज्याचं जवळचं नातं आहे तो दोष फार दुर्मिळ आहे: फॅक्टर तेराची कमतरता. त्याच्याबद्दल मुद्दाम लिहिते, कारण त्यात पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन तपासण्या), प्लेटलेट हे नेहमीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. गुठळी वेळेवर होते, पण ती पक्की बांधणारं प्रथिन नसल्याने नंतर सुटते. म्हणून ज्या बाळाची बेंबी दिवसच्या दिवस पाझरते आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात, त्या बाळाच्या आईवडलांनी ‘फॅक्टर तेरा बघितलाय का?’ हा एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. आईवडील एकमेकांच्या रक्ताच्या नात्यातले असतील तर आवर्जून. तुमच्या मुलीचा पीटी मात्र नॉर्मल नाही, तो कितीतरी पटींनी लांबलाय. फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून होतात ते प्रथिन) ठीक, प्लेटलेट ठीक आणि पीटी इतका लांबलेला, हे चित्र आम्ही बघितलं की तोंडातून एकच शब्द येतो: के.

आपल्या यकृतात गोठवणारी काही प्रथिनं तयार होतात. दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाची प्रथिनं तयार झाली तरी त्यांना कॅल्शियम धरून ठेवणारे हुकासारखे आकडे लागत नाहीत तोवर ती बिनकामाची असतात. हे आकडे बसवायला के व्हिटॅमिन लागतं. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना ते १९३०च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांमुळे सापडलं. स्निग्धांश काढून टाकलेल्या खाण्यावर वाढवलेल्या पिल्लांना कातडीखाली रक्त यायला लागलं. गोठण्याला त्यांच्याकडे ‘कोआग्युलेशन’ म्हणतात आणि तो शब्द के अक्षराने लिहितात, म्हणून व्हिटॅमिन के. १९४३चं नोबेल त्यांना एडवर्ड डॉइझी यांच्याबरोबर मिळालं.

प्रत्येक बाळ जन्मतं ते के कमी घेऊनच. वारेतून ते फार थोडं जातं. आतड्यात ते तयार करणारे जंतू अजून वस्तीला आलेले नसतात. आणि आईच्या दुधात ते असतं लिटरमागे साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम. जन्मल्यावर मांडीत देतात ते इंजेक्शन १ मिलिग्रॅमचं, म्हणजे १००० मायक्रोग्रॅमचं. एवढं के अंगावरच्या दुधातून मिळवायचं तर शेकडो लिटर दूध प्यावं लागेल. तुम्ही काही जास्त खाऊन किंवा काही टाळून हा हिशोब बदलला नसता. सगळ्या आयांचं दूध असंच असतं. दूध आपल्या जागी उत्तम आहे, त्यात ही एक गोष्ट कमी आहे, आणि ती एका टोचणीने भरून निघते. तेव्हा दूध तोडू नका. घरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

गोळ्यांबद्दलही असंच सांगते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, क्षयावरचं रिफाम्पिसिन, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन या औषधांचा पोटातल्या बाळाच्या के वर परिणाम होतो, हे खरं आहे. पण तो दिसतो पहिल्या २४ तासांत. तुमच्या मुलीला रक्त आलं दहाव्या दिवशी, त्याचं खापर गोळ्यांवर फोडता येत नाही. आणि गोळ्या मनाने बंद केल्यात तर बाळ मांडीवर असताना तुम्हाला फिट येण्याचा धोका उभा राहील, जो फार मोठा आहे. फेनिटॉइन घेत असताना अंगावर पाजता येतं. पुढच्या खेपेला मात्र प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना या गोळ्यांची आठवण करून द्या, म्हणजे बाळाला के जन्मल्या जन्मल्या मिळेल.

मग तुमच्या मुलीला ते का मिळालं नाही? तुम्ही कळवलंत की पहिल्या हॉस्पिटलच्या कागदात ती जागा कोरी आहे आणि दुसऱ्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेखच नाही. पहिल्यांना वाटलं तिकडे देतील, दुसऱ्यांना वाटलं दिलं असेल. जन्मल्यावर हलवलेल्या बाळांत हे व्हायला नको तितकं होतं. श्वासासाठी धावपळ चाललेली असते आणि एक लहानसं इंजेक्शन मागे राहतं. बाळ हलवताना ‘के दिलं का?’ हे बापाने किंवा मावशीने, जो कुणी बरोबर असेल त्याने विचारून कागदावर लिहून घ्यावं. कागदावर नसेल तर दिलेलं नाही असंच धरायचं.

त्या रात्री तुमच्या मुलीचं रक्त आधी तपासायला काढून मग के दिलं, हा क्रम अगदी बरोबर होता. उलट केलं असतं तर कारण कायमचं पुसलं गेलं असतं. सहा तासांनी पुन्हा काढलेला पीटी जवळजवळ नॉर्मलवर आलाय. निदान याहून स्वच्छ होत नाही. जन्मजात प्रथिन नसतं तर के देऊन काही फरक पडला नसता.

आता मी ज्यासाठी त्या दिवशी घाईने निरोप पाठवला त्याकडे येते.

के कमी असण्याचं रक्त पहिल्या आठवड्यात आलं तर ते बहुतेक बेंबीतून, नाकातून, शीतून येतं आणि उपचाराने बाळ सुधारतं. ते आठवड्यानंतर, विशेषतः तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात आलं, तर साधारण निम्म्या बाळांत ते डोक्यात येतं. आणि त्याआधी पुष्कळदा एक छोटी सूचना मिळालेली असते. मी शिकाऊ डॉक्टर असताना रात्रपाळीला सहा आठवड्यांचं एक बाळ आलं. किंचाळून रडत होतं, मग रडायचं थांबलं आणि एका हाताला झटके सुरू झाले. टाळूवर मी हात ठेवला, ती उचललेली आणि ताठ लागली. स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त होतं. त्याची आई मला दारातच सांगत होती, ‘आठ दिवसांपूर्वी नाकातून थोडं आलं होतं, आणि छातीवर हा निळा डाग.’ बोटाच्या पेराएवढा डाग होता. त्या बाळाला जन्मल्यावर के दिलेलं नव्हतं. ते वाचलं, पण त्याची एक बाजू कायमची कमकुवत राहिली. ते आठ दिवस मी अजून विसरलेले नाही. तुमच्या मुलीची बेंबी तशीच सूचना देत होती.

म्हणून लहान बाळ असलेल्या प्रत्येकाला सांगते: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पडल्या-लागल्याशिवाय निळा डाग आला, नाकातून-हिरडीतून-बेंबीतून रक्त आलं, टोचलेली जागा थांबेना झाली, शी काळी डांबरासारखी झाली (पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी शी सोडून), तर सकाळची वाट बघू नका. त्यात बाळ वेगळ्याच सुरात किंचाळतंय, दूध सोडतंय, पांढरं पडलंय, उठवूनही जागं होत नाहीये, टाळू फुगलीय असं काही असेल तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. हिरवी उलटी आणि शीत रक्त हे एकत्र दिसलं तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तीही तशीच घाई. कंबरेवर-ढुंगणावर जन्मापासून असणारा निळसर करडा डाग मात्र वेगळा, तो कातडीतल्या रंगद्रव्याचा असतो, रक्ताचा नव्हे.

आणि आता तुमची ती शेवटची ओळ. डोळे अजून पिवळे.

के स्निग्ध पदार्थात विरघळतं. ते आतड्यातून अंगात शिरायचं तर आतड्यात पित्त यावं लागतं. पित्ताची वाट कुठे अडलेली असेल तर दूध पोटात जातं, के मात्र अंगात जात नाही. अशा बाळाच्या अंगातल्या के चा साठा इतरांपेक्षा लवकर संपतो, आणि रक्तस्राव हेच कधी कधी त्या आजाराचं पहिलं दर्शन असतं. म्हणून के ने रक्त थांबलं की मी दुसरा प्रश्न विचारते: नुसतं द्यायचं राहिलं, की आत शिरतच नव्हतं? तुमच्या मुलीत दोन्ही असावं. तिच्या रिपोर्टमध्ये एकूण बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) फार नाही, पण त्यातला डायरेक्ट म्हणून लिहिलेला, यकृताने पित्तात सोडायला तयार केलेला भाग वाढलेला आहे. अंगावर पिणाऱ्या बाळांची साधी कावीळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत रेंगाळू शकते, त्यात हा डायरेक्ट भाग वाढत नाही. तो वाढला की ती साधी कावीळ राहत नाही, कितीही थोडी पिवळी दिसत असली तरी. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांनंतर राहिली तर हा भाग मोजायलाच हवा. टाचेला टोचून फक्त एकूण आकडा बघितला गेला, तो कमी आला आणि सगळे निर्धास्त झाले.

तुम्ही मला फोटोत पाठवलेली शी मला फिकट वाटली, पण फोटोवर मी विसंबत नाही, दिव्याचा उजेड रंग बदलतो. तुम्ही असं करा. दिवसा खिडकीपाशी पांढऱ्या लंगोटावर बघा. पिवळी, हिरवी, तपकिरी, सगळी चालते. पांढरट, राखाडी, ओल्या खडूसारखी किंवा फिकट मातकट चालत नाही. शू बघा: या वयात ती पाण्यासारखी असायला हवी, कापडावर गडद पिवळा डाग पडायला नको. रोज प्रत्येक शीचा रंग वेळेसकट वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. एखादी शी पिवळी आली म्हणून लिहिणं थांबवू नका.

अशा काविळीची कारणं बरीच असतात. काही संसर्गाची, काही चयापचयाची, काही औषधांनी निभावतात. त्यातलं एक कारण असं आहे की जे चुकवून चालत नाही: पित्तनलिका बंद होत जाणं, बिलिअरी अट्रेसिया. तुमच्या मुलीला ते आहे असं मी म्हणत नाही, ते सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्या सांगतील. पण ते असेल तर त्यावर शस्त्रक्रिया आहे, जपानचे सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलेली, आणि ती बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता सगळ्यात चांगली असते. तुमची मुलगी आज २७ दिवसांची आहे. हातात वेळ आहे, पण ‘पंधरा दिवसांनी पुन्हा बघू’ म्हणण्याइतका नाही. बेंबीतून आलेल्या त्या रक्ताने तुम्हाला हा वेळ मिळवून दिला आहे.

सोनोग्राफीसाठी तिला काही तास उपाशी ठेवायला सांगितलंय, कारण पोट रिकामं असलं की पित्ताशय भरलेलं असतं आणि नीट दिसतं. ती रडेल. त्या वेळी तिला तुम्ही छातीशी धरू नका, दुधाचा वास येऊन ती जास्त कासावीस होईल. वडलांकडे किंवा आजीकडे द्या. के पुन्हा किती दिवसांनी द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पित्त अडलेल्या बाळाला एक इंजेक्शन पुरत नाही, आणि तोंडाने दिलेले थेंब नीट आत जात नाहीत. कारण स्पष्ट होईपर्यंत कुठलीही टोचणी असेल तर आधी सांगा की हिला रक्तस्राव झाला होता, आणि नंतर ती जागा पाच मिनिटं तरी न चोळता दाबून धरा.

रिपोर्ट पाठवताना तुम्ही शेवटी विचारलंत की तुमची बहीण पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे आणि तिने कुठेतरी वाचलंय की या इंजेक्शनाने कॅन्सर होतो. ही शंका १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने उभी केली होती. त्यानंतर कितीतरी मोठ्या संख्येच्या मुलांवर ती तपासली गेली आणि तसा संबंध आढळला नाही. जन्मल्यावर के द्यायची शिफारस अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६१ मध्ये केली, म्हणजे हे कुठलं नवं खूळ नाही. इंजेक्शन दिलेल्या बाळांत उशिरा येणारा हा रक्तस्राव फारच क्वचित दिसतो. तोंडाने द्यायचे डोस काही ठिकाणी देतात, पण ते अनेक वेळा द्यावे लागतात, एखादा चुकतोच, आणि पित्त अडलेलं बाळ त्यातून निसटतं. बहिणीला म्हणावं, जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत मांडीत एकदा टोचून घे आणि कार्डावर तारीख-वेळ लिहिलीय ना ते स्वतः वाच.

तुमच्या भेगांसाठी: बाळाने फक्त टोक न धरता काळा भागही तोंडात घेतला पाहिजे, नर्सला एकदा समोर बसवून पकड दाखवून घ्या. पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचा थेंब लावून वाळू द्या. रक्त आलं तरी पाजायला हरकत नाही.

मंगळवारचा सोनोग्राफीचा कागद हातात आला की त्याचा, आणि शीच्या वहीतल्या चार दिवसांच्या पानांचा फोटो मला लगेच पाठवा. रात्र असली तरी पाठवा.